अनुभव धागा : पहिल्याच भागात कोण कसं वाटलं?

फॅशन डिझाइनच्या स्पर्धा बघायला बसले की माझ्या शेजारी एक वही असते. पहिल्या भागात स्पर्धक बॅगा ओढत, एकमेकांच्या कपड्यांकडे चोरून बघत एकेक करून आत येतात. तेव्हा मी प्रत्येकाच्या नावापुढे एकच ओळ लिहिते आणि शेवटचा भाग होईपर्यंत ते पान उघडत नाही.

'प्रोजेक्ट रनवे' या अमेरिकी टीव्ही स्पर्धेच्या नवव्या पर्वाचं पान मी आजही अधूनमधून काढून वाचते. त्रिनिदादच्या आन्या आयुंग-ची हिच्यापुढे लिहिलंय : 'दिसायला सुंदर. शिवायला चार महिन्यांपूर्वी शिकली म्हणे. फार तर तीन भाग.' ती 2008 सालची 'मिस त्रिनिदाद अँड टोबॅगो युनिव्हर्स'. मला तिचा रागच आला होता, खरं सांगते. मुंड्यात बाही नीट बसवायला शिकण्यात माझी दोन वर्षं गेली, आणि ही चार महिन्यांच्या शिदोरीवर आली! पहिलंच काम होतं अंगावरचे रात्रीचे कपडे आणि एक चादर यांतून पोशाख करायचं. म्हटलं, आता उघडी पडेल.

2011 मध्ये ते पर्व तिनेच जिंकलं. मी मोजत होते टाके, आणि तिच्याकडे होती नजर. कंबर कुठे धरायची, कापड कुठे मोकळं सोडायचं, हे तिला आतून कळत होतं. जे शिवता येत नाही त्याच्या वाटेला न जाता ती साधे, लांब, वाहते आकार घ्यायची. मधल्या एका फेरीत कापडासाठी मिळालेल्या पैशांचं पाकीटच तिच्याकडून हरवलं. अँथनी रायन ऑल्ड या सहस्पर्धकाने आपले उरलेले थोडे डॉलर तिला दिले, आणि ती फेरी तिनेच जिंकली. त्या रात्री मी वहीतली ओळ खोडली नाही. तशीच ठेवलीय.

आता तुम्ही लिहा. पहिल्या भागात कोणाबद्दल काय वाटलं, नंतर काय झालं? अंदाज चुकला असेल तर लिहाच, बरोबर आला असेल तरी लिहा. स्वतः शिवत असाल तर तुमच्या हातचे अनुभवही येऊ द्या.

*

मी 22 वर्षं कपडे बेततेय, शिकायला येणाऱ्या मुलीही असतात. माझं मत स्पष्ट आहे : स्पर्धक काय बोलतो ते ऐकू नका, त्याचे हात बघा.

नवीन मुलगी आली की मी तिला कापड कापायला देते आणि शेजारी उभी राहते. जिला सराव नाही ती कापड हातात उचलते आणि कात्रीच्या टोकाने कुरतडल्यासारखं कापते. सरावलेली मुलगी कात्रीचं खालचं पातं टेबलावरून उचलतच नाही. डावा तळवा कापडावर सपाट आणि कात्री लांब लांब चालते. आवाजसुद्धा वेगळा येतो, एकसंध. दुसरी खूण इस्त्रीची. प्रत्येक टीप मारल्यावर उठून ती दाबून घेणारी मुलगी पुढे जाते. सगळं शिवून झाल्यावर एकदाच इस्त्री फिरवणारीला मी पुन्हा पहिल्यापासून शिकवते.

ख्रिस्तियन सिरियानो 'प्रोजेक्ट रनवे'च्या चौथ्या पर्वात आला तेव्हा 21 वर्षांचा होता. विचित्र केस, तोंडात सारखं 'फिअर्स, फिअर्स', म्हणजे 'जबरदस्त'. माझी बहीण म्हणाली, हा पोरगा तोंडाळ आहे, लवकर जाणार. मी म्हटलं, थांब, त्याच्या बाह्या बघ. एवढ्या कमी वेळात इतकी बारीक, अंगाला धरून बसणारी जाकिटं बेतणं हे बडबड्याचं काम नाही. लंडनमध्ये व्हिव्हियन वेस्टवुड आणि अलेक्झांडर मॅक्वीन या बड्या डिझायनरांकडे त्याने उमेदवारी केली होती हे मला नंतर कळलं, पण कापडावर ते आधीच दिसत होतं. 2008 मध्ये तो जिंकला आणि पुढे त्याच कार्यक्रमात आधीचे मार्गदर्शक टिम गन यांच्या जागी मार्गदर्शक म्हणून आला.

त्याच पर्वातल्या ख्रिस मार्चच्या बाबतीत मात्र मी चुकले. नाटकांचे पोशाख करणारा, मोठ्याने खळखळून हसणारा माणूस. वाटलं, याच्या हातून सगळं नाटकीच होणार. तो बाहेर पडला, मग एक स्पर्धक आजारपणामुळे निघून गेला म्हणून त्याला परत बोलावलं, आणि सिरियानोबरोबर जोडीने त्याने काय देखणं काम केलं! 2019 मध्ये तो वारला. ते हसू मला अजून ऐकू येतं.

*

तिसऱ्या पर्वातला जेफ्री सेबेलिया. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं लक्ष फक्त त्याच्या गळ्यावरच्या गोंदणाकडे. मी तेव्हा कॉलेजात होते आणि असली माणसं म्हणजे उद्धटच, हे डोक्यात पक्कं. मग कळलं की गळ्यावर त्याने आपल्या लहान मुलाचं नाव गोंदवून घेतलंय. मी खजील झाले, मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

आणि मग ती फेरी आली, ज्यात एकमेकांच्या आयांसाठी आणि बहिणींसाठी कपडे करायचे होते. त्याच्या वाट्याला आलेल्या बाई त्याच्या वागण्याने रडल्या. एका सहस्पर्धकाची आई होती ती. आता काय म्हणायचं? पहिला अंदाज खरा, की दुसरा? तो जिंकला, त्याचा शेवटचा संग्रह मला मनापासून आवडलाही. पण त्या बाईंचा चेहरा मी विसरले नाही. कपडा अंगावर घालणाऱ्या माणसाला लाज वाटायला लावणं मला नाही पटत, कितीही गुणी असलात तरी.

*

मी व्हिडिओ एडिटिंग करतो, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. पहिल्या भागात 12 ते 16 माणसं लोकांच्या लक्षात राहायला हवी असतात. प्रत्येकाच्या वाट्याला एक-दीड मिनिट येतं. तेवढ्यात काय बसणार? एक केशरचना, एक वाक्य, घरच्यांचा एक फोटो. कॅमेऱ्यासमोर एकट्याने बोलतानाचे तुकडे वेगळ्या वेळी घेतलेले असतात आणि शिवणकामाच्या दृश्यांवर आणून चिकटवलेले असतात. मनापासून बोललेल्या दहा वाक्यांतलं एक तिरकस वाक्य ठेवलं की तो माणूस तिरकस ठरतो.

म्हणून मी पहिला भाग दोनदा बघतो. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. आवाज नसला की बडबडे आणि गप्प एका पातळीवर येतात, आणि मग मागच्या टेबलावर कोण मान खाली घालून काम करतंय ते दिसतं. आठव्या पर्वात मोंडो गेरा मला असाच दिसला, एका कोपऱ्यात, एकटा. नंतर स्वतःच कापडाची नक्षी काढायची अशी फेरी आली. त्याने अधिक चिन्हाची नक्षी काढली, आणि परीक्षकांसमोर तिची गोष्ट सांगताना आपण एचआयव्ही पॉझिटिव्ह असल्याचं सांगितलं. मी एडिटिंगवाला माणूस, कुठे संगीत वाढवलंय ते मला कळतं. तरी तिथे मी हललो.

*

आठव्या पर्वाचं नाव निघालंच आहे तर : ग्रेचन जोन्स. पहिल्या भागात लिहून ठेवलं होतं, 'ही शेवटपर्यंत जाणार.' पहिल्या दोन्ही फेऱ्या तिनेच जिंकल्या आणि शेवटी मोंडोला मागे टाकून स्पर्धाही. अंदाज शंभर टक्के बरोबर, आणि मला त्याचा आनंद शून्य. मोंडोच जिंकायला हवा होता. पुढे 2012 मध्ये जुन्या स्पर्धकांच्या 'ऑल स्टार्स'मध्ये तो जिंकला तेव्हा कुठे जीव शांत झाला.

*

मी स्वतः डिझाइनच्या एका स्पर्धेत उतरले होते. टीव्हीवरची नव्हती, पण वेळ लावलेली, परीक्षक फिरत असलेली. म्हणून पलीकडच्या बाजूचं लिहिते.

मला दिलेल्या मशीनचा दोऱ्याचा ताण बिघडलेला होता. वरून टीप सरळ, आणि उलटं केलं की खाली दोऱ्याचा गुंता. मी बॉबिन काढली, परत भरली, बॉबिन केसचा छोटा स्क्रू नखाने फिरवला, सुई बदलली. पहिला पाऊण तास त्यातच गेला. तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. माझ्या टेबलावर उसवलेला दोरा, उघडी बॉबिन केस, आणि एकही तुकडा जोडलेला नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे गेल्या. नंतर मला कळलं, 'गोंधळलेली' असं लिहिलं होतं. शेजारच्या मुलीच्या टेबलावर तोवर अर्धा झगा तयार. तिचं मशीन नीट होतं.

मी उरलेला कपडा हाताने शिवला. आधी धावदोरा घालून सगळा जोडला, मग खांद्याला आणि बाजूंना उलटटीप. बोटाला भोक पडलं, पण उरेब, म्हणजे तिरका कापलेला घेर इतका छान पडला की मॉडेल मुलगी चालताना मला रडू आलं. नंबर आला नाही. त्या एका शब्दाचं मला फार दिवस लागून राहिलं होतं. तेव्हापासून पहिल्या भागात कोणी कावराबावरा दिसला की मी आधी त्याच्या मशीनकडे बघते.

*

वरच्या ताईंना : उलटटीप हाताने, तीही वेळेच्या स्पर्धेत! तुमचा तो कपडा जपून ठेवलाय ना?

*

हो, कपाटात आहे. अस्तर लावायचं राहिलंय ते राहिलंच.

*

आमच्याकडे आई आणि मी 'ग्रेट ब्रिटिश सूइंग बी' बघायचो. तिथे सगळे हौशी, आपापल्या घरी शिवणारे. 2013 च्या पहिल्या पर्वात अ‍ॅन रोली नावाच्या आजी होत्या, 81 वर्षांच्या. मी म्हणाले, "आई, किती गोड आजी आहेत, पण एवढ्या घाईत कशा टिकणार गं त्या?"

आईने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "घाई तुम्हाला लागते. उसवावं लागत नाही त्याला कसली घाई?"

त्या जिंकल्या. आई तेव्हा 70 च्या पुढे होती, आणि संधिवातामुळे सुईत दोरा ओवायला मला बोलवायची. त्यानंतर काही दिवस मी बघत होते, ती स्वतःच ओवायचा प्रयत्न करायची. दोऱ्याचं टोक तिरपं कापायची, ओठात ओलं करायची, सुई पांढऱ्या कागदासमोर धरायची. तिसऱ्या-चौथ्या वेळेला जमायचं. मी मदतीला उठले तर हातानेच 'बस' म्हणायची.

*

'नेक्स्ट इन फॅशन' या दुसऱ्या डिझाइन स्पर्धेतली मिंजू किम. 2020 चं पहिलं पर्व. मी तिला पहिल्या भागात अक्षरशः लहान मुलगी समजलो. हळू आवाज, स्वतःच्या कामाबद्दल सतत शंका, डोळ्यांत पाणी. तिथे सुरुवातीला जोड्या होत्या, आणि तिची जोडीदार एंजेल चेन एवढी ठाम की वाटलं, ही तिच्या आधारानेच उभी आहे. एंजेल गेली, मिंजू राहिली आणि जिंकली. तिची फुगीर, चुण्यांची, फुलापानांची कापडं बघताना कुठेही शंका दिसत नाही. शंका तोंडात होती, कापडात नव्हती. माझी बायको असंच बोलते, आणि मी तिला वर्षानुवर्षं 'जरा आत्मविश्वास ठेव' म्हणत आलो. आता नाही म्हणत.

*

'मेकिंग द कट' या डिझाइन स्पर्धेतली बर्लिनची एस्थर पेर्बांट कोणाला आठवते का? नखशिखांत काळी, डोकं बांधलेलं, चेहरा गंभीर. मी घाबरूनच गेले होते. पुढे पुढे तीच सगळ्यांत मऊ बोलणारी निघाली. काळ्या रंगात इतके पोत असतात हे मला तिने शिकवलं.

*

22 वर्षं बेतणारी पुन्हा लिहितेय. 'मेकिंग द कट'मध्ये माझा हात बघायचा नियम चालत नाही, हे कबूल करते. तिथे रात्री शिवणकाम करायला कारागीर होते, डिझायनर कागद आणि सूचना ठेवून जायचे. सकाळी हाती काय येणार हे त्या सूचनांवर. ज्याला आपलं डोक्यातलं दुसऱ्याला नीट सांगता येतं तो तिथे टिकतो. तेही मोठंच कसब आहे. माझ्या मुलींना मी आता मापाच्या चिठ्ठीवर शिवणीसाठी किती सोडायचं तेही लिहायला लावते.

*

धागा काढणाऱ्या ताईंनी अँथनी रायनचा उल्लेख केला म्हणून लिहितेय. त्याला रंग नीट ओळखू येत नाहीत, तो रंगांधळा आहे. हे कळलं तेव्हा माझ्याही मनात आलं की मग हा या स्पर्धेत कशाला? पुढे 'ऑल स्टार्स'चं दुसरं पर्व तो जिंकला.

माझा धाकटा भाऊ तसाच आहे. तो कापडी पिशव्या शिवतो, आणि फार सुबक शिवतो. अँथनी रायनला पाहिल्यावर तो मला म्हणाला, "ताई, माझी रिळं लावून दे." मग एका दुपारी आम्ही डब्यातली सगळी रिळं टेबलावर मांडली. मी रंगाचं नाव सांगत गेले, तो कागदाच्या पट्ट्यांवर लिहून रिळाच्या पोटात चिकटवत गेला. पिस्ता, तपकिरी, जांभळा. मेंदी आणि विटकरी या दोन रिळांपाशी थांबला. दोन्ही खिडकीत धरून बघितली.

"यांत फरक काय आहे गं?"

मला सांगता येईना. म्हणाले, "एकात पानं आहेत, एकात माती."

त्याने एका पट्टीवर 'पान' लिहिलं, दुसरीवर 'माती', आणि पुढचं रीळ उचललं.