डेकला काय लावू? लाकूड जुन्या सागाचं आहे आणि खालून ओहोळ वाहतो

ओहोळाकाठी | १४ ऑक्टोबर

नमस्कार. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वर सोडलं की थोडं पुढे, उताराला आमचं छोटं घर आहे. मागच्या बाजूला बारा बाय अठरा फुटांचा लाकडी डेक आहे. त्याच्या फळ्या विकतच्या नाहीत. वाईला माझ्या आजोळचा वाडा उतरवला तेव्हा वाटणीत मला चार तुळया आल्या. त्या वखारीत कापून आणल्या आणि त्यातून या फळ्या निघाल्या. लहानपणी सुट्टीत ज्या माजघरात आम्ही सगळी भावंडं ओळीने झोपायचो, त्याच्या आढ्याचं हे लाकूड. ते माझ्या हातून खराब होऊ नये म्हणून इथे विचारतेय.

दोन वर्षांपूर्वी घराचं काम करणाऱ्या कंत्राटदाराने डेकवर पारदर्शक पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात मारून दिले. त्या दिवाळीत पणत्यांचं प्रतिबिंब दिसत होतं फळ्यांत. पहिल्या पावसाळ्यात स्क्रूंभोवती पांढुरकं झालं, दुसऱ्यात पापुद्रे सुटायला लागले. आमच्याकडे जून ते सप्टेंबर धुकं आणि पाऊस यांतून लाकूड कोरडं होतच नाही. खाली साताऱ्यात उघडीप असते तेव्हाही वर झिमझिम असते.

यंदा कासला फुलांची गर्दी होती त्या दिवसांत मी डेकच्या खाली उतरले, तर ओहोळातल्या दगडांच्या खाचांत ते पापुद्रे अडकलेले. नखाएवढे, माशाच्या खवल्यांसारखे. हा ओहोळ पुढे वेण्णेला मिळतो, आणि खालच्या वस्तीतली जनावरं त्याचं पाणी पितात. दोन सकाळी बसून वेचले. सगळे निघाले नसणार. त्या दिवसापासून मन लागत नाही.

आता उरलेलं पीयू काढून असं काही लावायचंय की जे झिजलं, धुपलं तरी पाण्याला बाधणार नाही. दुकानांत विचारलं. डब्यावर हिरवं पान छापलेलं असतं, आत काय आहे विचारलं की "इको आहे ताई" एवढंच सांगतात.

माझ्याकडे घाण्याचं जवसाचं तेल दोन लिटर आहे आणि महाबळेश्वरच्या बाजूच्या ओळखीच्या मधपाळांकडून आणलेलं एक किलो मेण आहे. दोन्ही एकत्र तापवून लावावं असं मनात आहे. उघड्यावरच्या, पाऊस खाणाऱ्या लाकडाला कुणी हे लावलंय का? आणि खाली उतरायच्या तीन पायऱ्या सागाच्या नाहीत, पाइनच्या आहेत, कंत्राटदाराने आणलेल्या, जरा हिरवट दिसतात. त्यांनाही तेच चालेल का?

पाटणची_पडवी | १४ ऑक्टोबर

ताई, घाण्याचं कच्चं तेल लावू नका. मी पडवीच्या कठड्याला लावलं होतं, भरपूर, दोनदा. आठ दिवस झाले तरी हाताला चिकटत होतं. पहिल्याच पावसाळ्यात काळे ठिपके, मग सगळंच काळं. घासून काढता काढता जीव गेला. तेल चांगलंच होतं, पण बुरशीलाही ते आवडतं.

वाईचा_सुतार | १५ ऑक्टोबर

ताई, तुमच्या तुळया आमच्याच गावच्या निघाल्या. वाड्यातला जुना साग म्हणजे गाभ्याचं लाकूड, त्याच्या अंगातच तेल असतं. तो सहजासहजी कुजत नाही. त्यामुळे घाबरू नका, लाकूड गेलेलं नाही, वरचं कातडं गेलंय.

पीयू, मेलामाइन, व्हार्निश हे सगळे वर थर धरणारे प्रकार. घरातल्या कपाटाला ठीक. उघड्यावर लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, वरचा थर तेवढा ताणत नाही. कुठे तरी बारीक चीर पडते, तिच्यातून पाणी आत जातं आणि थराखाली अडकून बसतं. मग तो सुटतोच. उघड्यावरच्या लाकडाला आत मुरणारं तेल द्यावं. ते झिजतं, पण सोलत नाही, आणि पुढच्या वर्षी सगळं न खरवडता वरून पुन्हा हात देता येतो. माझ्या वडिलांनी आणि मी मिळून जेवढे झोपाळे, कठडे, दारं केली, बाहेरच्या कामाला तेलाशिवाय काही लावलं नाही.

आत्ता घाई करू नका. ऑक्टोबरचं ऊन कितीही कडक वाटलं तरी फळीच्या पोटात ओल असते. दिवाळी होऊ द्या. पीयू पत्रीने खरवडा, मग ८० नंबरचा घासपेपर, मग १२०. त्याच्यापुढे गुळगुळीत करू नका, तेल आत शिरत नाही. खाली ताडपत्री बांधा, भुसा आणि पापुद्रे सगळे तिच्यात झेलायचे. घासून झाल्यावर फळीवर पाण्याचे चार थेंब टाका. मिनिटभरात शोषले तर लाकूड तेल घ्यायला तयार. मोती होऊन बसले तर पीयू अजून आहे.

फळीची टोकं विसरू नका. लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकांतून पितं, तिथे तेल तीन-चारदा द्यायचं, पीत नाही तोवर. स्क्रू साधे लोखंडी असतील तर त्यांच्याभोवती काळी वर्तुळं असतील, सागातला रस आणि लोखंड मिळून तो काळा डाग पडतो. सगळे काढून स्टेनलेसचे घाला. आणि दोन फळ्यांत पाच-सहा मिलिमीटर फट आहे ना? तिच्यात पाला अडकला तर कोणतंही तेल वाचवणार नाही.

मेण बाहेर नको. एप्रिलच्या उन्हात मऊ पडतं, धूळ धरतं, ओल्यात पाय घसरतो. पुढच्या वर्षी तेल आत जाऊ देत नाही ते वेगळंच. ते मेण घरातल्या पाटाला, देव्हाऱ्याला लावा, सुंदर दिसेल.

मिरजेचा_तंबोरा | १५ ऑक्टोबर

कुणी लाखेचं पॉलिश सुचवण्याआधी सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे होतात, चपडा लाख आणि स्पिरिट यांवर आमचं पोट आहे. मिरजेच्या सितार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, की लाख नैसर्गिक आहे तर बाहेरच्या झोपाळ्याला का नको? कारण ओल लागली की लाख पांढरी पडते. तंबोऱ्यावर ओला पेला ठेवला तरी गोल उमटतो. डेकला अजिबात नको.

कुपवाड_रसायन | १६ ऑक्टोबर

मी रंगाच्या क्षेत्रात बावीस वर्षं काम केलंय. सुतारदादांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, त्यामागचं कारण सांगतो.

शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल लाकडाला लावलं तर ते कायम तेलच राहतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला वाळणारं तेल म्हणतात. पण घाण्याचं कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस लागतात, आणि तोवर बुरशीला मेजवानी. पाटणकरांचं तेच झालं, शिवाय जास्तीचं तेल पुसलं नसणार. रंगाच्या दुकानात मिळतं ते डबल बॉइल तेल, जुने लोक बेलतेल म्हणायचे, ते दिवसा-दोन दिवसांत वाळतं. मात्र त्यात वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, बहुधा कोबाल्ट किंवा मँगनीजचे. ताईंनी पाण्याची इतकी काळजी केलीय म्हणून हे लपवत नाही. प्रमाण थोडं असतं आणि तेल वाळल्यावर ते त्यातच अडकून राहतं. पण ओलं तेल ओहोळात सांडू देऊ नका.

तेल पातळ करायला टर्पेंटाइन घालतात. दुकानातलं बहुतेक टर्पेंटाइन पेट्रोलियमचं असतं. ते टाळायचं तर तेलाचा डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवा. कोमट तेल पातळ होतं आणि आत चांगलं मुरतं. डबा थेट गॅसवर ठेवायचा नाही.

आता रंग. नुसत्या तेलाने उन्हाचं काही अडत नाही. उन्हातले अतिनील किरण लाकडाचे धागे बांधून ठेवणारं लिग्निन तोडतात, म्हणून साग राखाडी होतो. ते किरण अडवतात रंगाचे कण, आणि त्यात सगळ्यात स्वस्त, न उडणारा आणि निरुपद्रवी म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. आपली काव आणि गेरू म्हणजे तेच. स्वीडनमध्ये फालूनच्या तांब्याच्या खाणीतली लाल माती, पीठ, पाणी आणि जवसाचं तेल शिजवून केलेला रंग शतकानुशतकं लाकडी घरांना लावतात. लिटरभर तेलात सत्तर-ऐंशी ग्रॅम काव, तलम कापडातून चाळून. हळद कुणी सुचवली तर घालू नका, तिचा रंग उन्हात टिकत नाही.

पाण्यात मिसळलेले स्टेन, म्हणजे लाकडाचे रंग, तेही येतात. वास कमी, ब्रश पाण्याने धुता येतो. पण त्यातला बांधणारा पदार्थ बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकच, आणि बाहेरच्या स्टेनमध्ये बुरशीनाशक असतं, ते जलचरांना घातक ठरू शकतं. हिरव्या पानाकडे बघू नका, कंपनीचा तांत्रिक माहितीचा कागद मागा. व्हीओसी (हवेत उडून जाणारी रसायनं) किती ग्रॅम प्रति लिटर आणि बुरशीनाशक कोणतं, हे त्यावर नसेल तर तो डबा घेऊ नका.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. जवसाचं तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल वाळताना उष्णता निघते, बोळ्यात ती साठते आणि फडकं आपोआप पेटतं. पाण्यात भिजवा, मग उघड्यावर एकेक पसरून वाळवा. दुसरं, त्या हिरवट पायऱ्या. तो बहुधा लाकूड कुजू नये म्हणून मुरवलेल्या तांब्याच्या क्षाराचा रंग आहे. त्यात आर्सेनिक असेलच असं नाही, पण असू शकतं. तांबं, क्रोम आणि आर्सेनिकचं ते मिश्रण आपल्याच देशात, १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी शोधलं. जगभर खांब आणि डेक त्यावर टिकले. नंतर मुलांच्या हातांना आर्सेनिक लागतं म्हणून अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापरासाठी ते थांबवलं. त्या पायऱ्या घासू नका, त्यांचे तुकडे चुलीत घालू नका. जमलं तर बदला.

गावभाग_सांगली | १६ ऑक्टोबर

ओलीबद्दल एक. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं आणि आमच्या घराची लाकडी पायरी, चौकट सगळं दिवसेंदिवस बुडालं. पाणी उतरल्यावर महिनाभराने घाईने रंग दिला, तो फुगला. पुढच्या उन्हाळ्यानंतर दिला तो आजही आहे. आणि डेकच्या खालच्या वाश्यांना, जिथे थेट पाऊस लागत नाही, तिथे टाकणखाराचं कोमट द्रावण द्या, वाळवी येत नाही. वर उघड्यावर देऊन उपयोग नाही, पहिल्या सरीत धुऊन जातो आणि तुमच्या ओहोळात उतरेल.

ओहोळाकाठी | ११ जानेवारी

सगळ्यांनी मनापासून लिहिलंत, म्हणून काय केलं ते सांगते.

१८ नोव्हेंबरला सुरुवात केली. पत्री आणि घासपेपर, मी आणि घरी कामाला येणाऱ्या मावशी, अकरा दिवस. ताडपत्रीत दोन गोणी भुसा आणि पापुद्रे जमले. तिसऱ्या दिवशी एका फळीवरचं पीयू निघालं आणि खाली जुन्या रंध्याच्या लाटा दिसल्या, हाताने तासलेल्या. मावशींना बोलावून दाखवल्या. तिथे १२० चा पेपर फिरवलाच नाही.

पहिल्या हाताला तीन लिटर तेल लागलं. वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून घेतलं. थंडीमुळे वाळायला चार दिवस गेले. दुसऱ्या हाताला सव्वा लिटर पुरलं. काव घातल्यावर रंग भिजलेल्या जांभ्यासारखा आलाय. फडकी बादलीत भिजवून मग दगडावर पसरली. पाइनच्या पायऱ्या काढल्या, तिथे काळ्या दगडाच्या बसवल्या. घाण्याचं तेल चटणीत संपवतेय.

ओहोळाकाठी | २८ सप्टेंबर

पावसाळा संपत आला. एकही पापुद्रा नाही. आठवड्यातून एकदा ओहोळाचे दगड बघून येते. घराकडच्या फळ्यांवर अजून पाणी मोती होऊन बसतं. फक्त पन्हळीखालच्या तीन फळ्या फिक्या आणि खरखरीत झाल्यात. सुतारदादा, सगळ्या डेकला हात द्यावा लागेल की तेवढ्या तीनच केल्या तर चालतील?

वाईचा_सुतार | २९ सप्टेंबर

तीनच करा ताई. तारेचा ब्रश नको, काथ्याच्या ब्रशने नुसत्या पाण्याने धुवा, दिवाळीपर्यंत ऊन खाऊ द्या, मग एक पातळ हात. बाकीच्यांना पुढच्या वर्षी बघू. आणि ती पन्हळ फूटभर पुढे वाढवून घ्या, पाणी डेकच्या पलीकडे पडलं पाहिजे.