यिर्मया 29:11 धरून प्रार्थना केली, बदली मात्र होत नाही. हे वचन माझ्यासाठी आहे की नाही?

थकलेली_मार्था
सर्वांना जय ख्रिस्त. प्रश्न थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी एका कार्यालयात हिशेब विभागात काम करते. वरिष्ठ बाई चारचौघांत पाणउतारा करतात आणि माझं काम स्वतःच्या नावावर वर पाठवतात. बदलीचा अर्ज केला, तेव्हा यिर्मया 29:11 धरून प्रार्थना केली. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव म्हणतो तेच वचन. ते माझ्या मोबाइलच्या पडद्यावर आहे, आणि त्याच आठवड्यात मंडळीतल्या एका बहिणीने प्रार्थना करताना मला तेच दिलं. वाटलं, झालं, शिक्कामोर्तब. अर्ज नामंजूर झाला. पुन्हा केला, पुन्हा तेच उत्तर.

आता काही जण म्हणतात, विश्वास धर, दार उघडेल. धाकटा भाऊ म्हणतो, ते वचन तुझ्यासाठी नव्हतंच. मग बायबल वाचून ते रोजच्या जगण्याला लावायचं म्हणजे नेमकं करायचं काय? कुठलं वचन माझं आणि कुठलं दुसऱ्याचं, हे ठरवायचं कसं? आणि सोमवारी त्या बाईंसमोर बसायचं कसं, तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

साधा_विश्वासी
ताई, धीर सोडू नका. प्रभूची वेळ योग्य असते. प्रार्थनेत आहे. आमेन.

पेन्सिलवाले_काका
मार्थाताई, मोबाइल बाजूला ठेवा आणि 29 वा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. ते एक पत्र आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाचा राजा यखन्या, राजमाता, सरदार, सुतार, लोहार अशी कामाची माणसं उचलून बाबेलला नेली. त्यांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून धाडलेलं हे पत्र. ते कोणाच्या हाती धाडलं, त्या दोघांची नावंसुद्धा बापाच्या नावासकट तिसऱ्या वचनात दिली आहेत. आमच्या बायबल अभ्यासात अशी नावं आली की मंडळी जांभया देतात. मला ती फार आवडतात. खरी माणसं, खरा प्रवास, खरं टपाल.

आता एक पान मागे जा. 28 व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात याजकांसमोर आणि लोकांसमोर सांगतोय की दोन वर्षांत देव बाबेलचं जू मोडणार, नेलेली मंदिराची पात्रं आणि माणसं परत येणार. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जूही त्याने काढून मोडून टाकलं. यिर्मया आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर तसंच करो! त्यालाही तेच हवं होतं की. पण देवाने हनन्याला पाठवलेलंच नव्हतं.

त्यानंतर हे पत्र येतं. घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. मुलामुलींची लग्नं लावा. ज्या नगरात मी तुम्हाला नेलं त्याचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. 10 व्या वचनात मुदत सांगितली आहे, 70 वर्षं. आणि मग तुमचं 11 वं वचन.

70 वर्षं, ताई! पत्र ऐकायला बसलेल्या चाळिशीतल्या सुताराने यरुशलेम पुन्हा पाहिलं नसणार. देवाचे संकल्प हिताचेच होते, पण त्याचा अर्ज नामंजूर होता.

मला म्हणायचंय ते एवढंच. 11 वं वचन एकटं कापून काढलं की त्यात हळूच हनन्याचा आवाज शिरतो. शब्द यिर्मयाचे राहतात आणि आपल्याला ऐकू येतं, 'लवकर सुटशील.' अध्यायांची आजची विभागणी 13 व्या शतकातली आहे. पत्र वाचून दाखवलं तेव्हा मध्ये 28, 29 असे फलक लावलेले नव्हते. म्हणून मी पेन्सिलीने अध्यायाच्या आकड्यावर रेघ मारतो आणि सलग वाचतो. कोण बोलतोय, कोणाला, त्यांच्यावर काय वेळ आली होती, बोलण्याच्या आधी काय घडलं, हे कळल्याशिवाय 'माझ्यासाठी काय' हा प्रश्न गटात विचारूच देत नाही. काही जण त्यावरून माझ्यावर रागावून आहेत, असोत.

तुमच्या भावाचं अर्धं बरोबर आहे. वचन तुम्हाला उद्देशून नव्हतं. पण देव तोच आहे. आणि तुमच्या सोमवारसाठी 11 पेक्षा 5 ते 7 ही वचनं जास्त कामाची आहेत.

उषःकाल
काका, अभ्यास छान, पण पूर्ण पटलं नाही. रोमकरांस पत्र 15:4 म्हणतं की पूर्वी जे लिहिलं गेलं ते आपल्या शिक्षणासाठी, आपल्याला आशा मिळावी म्हणून. 2 करिंथ 1:20 म्हणतं की देवाची जितकी वचनं आहेत तितक्यांना ख्रिस्तात 'होय' आहे. मी आजारी माणसांना भेटायला जाते. ज्याला धड श्वास घेता येत नाही त्याला मी आधी हनन्याची गोष्ट सांगायची का? कितीतरी लोक या एका वचनाच्या आधाराने उभे राहिले आहेत. तुम्ही ते लोकांच्या हातातून काढून घेताय.

पेन्सिलवाले_काका
उषाताई, आजाऱ्याच्या उशाशी हनन्या नको, कबूल. तिथे वचन म्हणा, हात धरा, पुरे.

पण 'होय' कशाला, ते तरी बघू. ख्रिस्तात ते वचन आपलं झालं म्हणून त्याचा मजकूर बदलत नाही. देव आपल्या लोकांना टाकत नाही, एवढी खात्री त्यात आहे. तारीख आणि खातं त्यात लिहिलेलं नाही. खुद्द यिर्मयाचं बघा. त्याला चिखलाच्या विहिरीत सोडलं आणि शेवटी लोक त्याला मिसरात घेऊन गेले. पत्र लिहिणाऱ्यालाच आपण समजतो तसला सुखाचा शेवट मिळाला नाही, आणि तरी त्याने ते लिहिलं. हे वाचून माझा आधार कमी होत नाही, वाढतो.

आणि हे वचन वाचून काय करावं याचा नमुना बायबलमध्येच आहे. दानीएल 9. दानीएलही असाच बाबेलला नेलेला. तो तिथे म्हातारा झालाय, यिर्मयाचं लिखाण वाचतोय, 70 वर्षांचा हिशेब त्याला उमगतो. मग तो सामान बांधायला घेत नाही. गोणपाट नेसून, राखेत बसून पापं कबूल करतो, आणि तीही 'त्यांची' नाही, 'आमची'. वचन लागू करणं मी यालाच म्हणतो.

थकलेली_मार्था
काका, उषाताई, दोघांचेही आभार. 28 आणि 29 एका बैठकीत वाचले. हनन्याचं वाचून खरं सांगायचं तर रागच आला, कारण मला तोच आवडला होता.

पण 7 व्या वचनावर अडले. नगराचं हित म्हणजे त्या बाईंचंही हित? त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आणि अन्याय गिळून गप्प बसायचं का?

मीठ_आणि_प्रकाश
मी मनुष्यबळ विभागात आहे, म्हणून हे मी घेते. गप्प बसायचं नाही. प्रेषित पौलाचं उदाहरण घ्या. फिलिप्पैत त्याला चौकशीविना फटके मारले, तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अधिकारी त्याला गुपचूप सोडायला निघाले तेव्हा तो म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं (प्रेषितांची कृत्ये 16:37). पुढे कैसरियात त्याने सरळ कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली (25:11). आणि फिलिप्पैच्या त्याच तुरुंगात त्या रात्री त्याने तुरुंगाधिकाऱ्याचा जीव वाचवला होता. हक्क मागणं आणि समोरच्याचं भलं चिंतणं, एकाच माणसात दोन्ही बसतं.

तेव्हा प्रार्थना करा, नाव घेऊन करा, सुरुवातीला शब्द घशात अडकतील. आणि शेजारी नोंदवही ठेवा. कोणतं काम कधी दिलं, कधी पूर्ण केलं, कोणाला पाठवलं. काम पाठवताना दोन ओळींचा ईमेल स्वतःच्या नावाने जाऊ द्या. पाणउतारा झाला तर त्याच दिवशी तारीख, शब्द आणि हजर असलेले लोक लिहून ठेवा. विशेषणं लिहू नका, त्यांनी तक्रार कमजोर होते. पहिल्यांदा त्यांच्याशीच एकांतात बोला. मत्तय 18:15 मंडळीतल्या भावाबद्दल आहे हे मला ठाऊक आहे (काका, पेन्सिल खाली ठेवा), पण चव्हाट्यावर नेण्याआधी समोरासमोर बोलण्यातलं शहाणपण कुठेही चालतं. त्याने काही झालं नाही, तर नोंदी घेऊन लेखी तक्रार करा.

पेन्सिलवाले_काका
खाली ठेवली. फक्त दानीएल 6:4 जोडतो. त्याच्यावर टपलेल्यांना त्याच्या कारभारात चूक सापडेना. मार्थाताई, तुम्ही हिशेबातल्या आहात, यापेक्षा जास्त सांगायला नको.

बदलीचा अर्ज पुन्हा करायचा असेल तर जरूर करा. 29 वा अध्याय त्याच्या आड येत नाही.