मदत हवी आहे: पावसाळी हवेत मेंब्रेनचा वरचा थर बिघडतोय

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विहिरीचं गढूळ पाणी गाळायला पॉलीसल्फोन या प्लास्टिकचं (पॉलिमरचं) मेंब्रेन, म्हणजे बारीक छिद्रांचा पातळ पडदा, करतोय. पॉलिमर डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या द्रावकात विरघळवायचा, काचेवर साधारण 200 मायक्रॉनचा थर ओढायचा आणि काच पाण्यात बुडवायची. डीएमएफ बाहेर, पाणी आत, आणि पॉलिमर घट्ट होतो. पृष्ठभागावर हा बदल सगळ्यात आधी आणि झपाट्याने होतो, म्हणून वर मायक्रॉनपेक्षाही पातळ दाट साय धरते आणि खाली मोठी छिद्रं राहतात. 1960च्या सुमारास लोब आणि सौरीराजन या संशोधकांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटवर हेच केलं होतं, तेव्हा पद्धत काही नवी नाही.

मे महिन्यापर्यंत पृष्ठभाग चकचकीत यायचा. पाऊस सुरू झाला आणि काच टबापर्यंत नेईपर्यंतच थर कडेने दुधाळ पडायला लागला. सुकल्यावर खडूसारखा मॅट दिसतो, आणि गढूळपणा सरळ आरपार!

माझा संशय दमट हवेवर आहे: डीएमएफ हवेतली वाफ ओढून घेतं, पॉलिमर बुडवण्याआधीच वेगळा होऊ लागतो आणि वरची छिद्रं मोठी होतात. सर म्हणतात पॉलिमरचं प्रमाण वाढव. त्याने साय दाट होईल, पण पाणीही कमी जाईल, आणि मूळ दुखणं तसंच.

ग्लोव्ह बॉक्स (आतली हवा कोरडी ठेवता येणारी, हातमोजे बसवलेली बंद पेटी) परवडणारा नाही. अ‍ॅक्रिलिकच्या खोक्यात सिलिका जेल ठेवून किनाऱ्यावर कुणी हे काम केलंय का? आर्द्रता किती टक्क्यांखाली आणावी लागली? पॉलिमर भट्टीत सुकवूनच घेतो, पण डीएमएफची बाटली उघडीझाकी होतच असते. तिचं काय करता?