हंटर थॉम्पसनवर ५० मिनिटांची मराठी संगीतिका: काय ठेवावं, काय गाळावं?

शंकासुर:
अमेरिकन पत्रकार-लेखक हंटर थॉम्पसनवरची ही संगीतिका अमेरिकेतल्या आमच्या मंडळासाठी बसवतोय. ६ नट, पेटी, गिटार, काहोन (हाताने वाजवायचा खोक्यासारखा ताल). १९३७ साली लुईव्हिलला जन्म ते २००५ ची आत्महत्या असा सगळा पट लिहिला तर फारच पसरट होतोय. त्याच्या लेखांतले उतारे अनुवाद करून गाण्यांत घालता येतील का? टाइपरायटर तालात कसा आणायचा?

तिसरी_घंटा:
जन्म सोडा. कोलोरॅडोतल्या पिटकिन काउंटीत तो शेरीफपदाला (काउंटीचा पोलीसप्रमुख) उभा राहिला, ती १९७० ची निवडणूक घ्या, नाट्य तिथे आयतं आहे. तिथल्या अ‍ॅस्पेन गावाचे डांबरी रस्ते उखडून हिरवळ लावू, गावाचं नाव 'फॅट सिटी' ठेवू, असा जाहीरनामा. स्वतःचं डोकं भादरून हा गडी विरोधकाला 'लांब केसवाले' म्हणून हिणवायचा. यावर आख्खं गाणं होतं. शेवटी थोडक्यात हरतो. केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीवरचा त्याचा गाजलेला लेखही त्याच वर्षीचा, त्यामुळे पत्रकारही हाताशी लागतो. नशेचे प्रवेश दोनाच्या वर नकोत. झिंगलेलं पात्र पाच मिनिटं हसवतं, मग प्रेक्षक घड्याळ बघतात.

कलमबहाद्दर:
घटनांवर कोणाचा हक्क नाही, वाक्यांवर आहे. १९७० चा छापील लेख अमेरिकेत ९५ वर्षं, म्हणजे २०६५ अखेरपर्यंत संरक्षित, आणि अनुवादालाही परवानगी लागतेच. जो आयकॉनिस या संगीतकाराने थॉम्पसनवर केलेल्या संगीतिकेच्या (ला होया, कॅलिफोर्निया, २०२३) नावातच 'अनधिकृत' आहे, पण तो शब्द जोडला म्हणून उतारे फुकट मिळत नाहीत. गाणी स्वतः लिहा. त्याच्या लेखांचा चित्रकार राल्फ स्टेडमन, त्याची चित्रंही पडद्यावर टाकू नका.

पेटीवाला:
त्याचा टाइपरायटर आयबीएम सिलेक्ट्रिक, म्हणजे विजेवरचा. त्यात अक्षरांचा गोळा सरकतो, कॅरेज (कागद धरणारा रुळाचा भाग) जागचं हलत नाही. हाताने कॅरेज ढकलायचा अभिनय केलात तर जाणकार हसतील. मिनिटाला ६० शब्द म्हणजे साधारण ३०० ठोके: ७५ च्या लयीत चौगुन. पण खरं यंत्र तालात वाजवायला नटाला सांगू नका, गाताना बोटं मागे पडतात. ठोके काहोनवाल्याने द्यावेत, नटाने बंद यंत्रावर बोटं चालवावीत. ओळ संपली की समेवर रिटर्नचा एक 'धप्प'.

विंगेत_उभा:
सिगारेट होल्डर दातांत असेल तर प-फ-ब-भ-म गेलेच. तो कुठे काढायचा ते संहितेतच लिहा. त्याची पुटपुट फक्त गद्यात ठेवा. हॅटखाली कपाळावरचा माइक घासून खरखरतो, कानाला अडकवून गालापर्यंत येणारा घ्या. बंदूक रबरी, बार स्पीकरमधून. ब्लँक काडतूसही नको, जवळून जीव जातो. साउंडवाल्याने नटाच्या हातावर नजर ठेवून बार सोडायचा. नट आवाजाची वाट बघत बसला की दोघंही चुकतात.

शंकासुर:
शेवटी अस्थी तोफेतून उडवल्या, ते दाखवावं का?

तिसरी_घंटा:
ती तोफ १५३ फुटी मनोऱ्यावर होती! हॉलमध्ये केविलवाणा दिसेल. कोरसच्या एका ओळीत सांगा.

विंगेत_उभा:
तरी धूर सोडणार असाल तर हॉलवाल्यांना आधी विचारा. स्मोक डिटेक्टर वाजला की प्रयोग तिथेच थांबतो.