शनिवारची कापड खरेदी: हॉलचे पडदे, नाटकाचे कपडे आणि क्राफ्टचं सामान

बी-२०३: नमस्कार मंडळी. शनिवारी सकाळी कापडबाजारात जायचं नक्की झालंय. आपल्या सोसायटीच्या हॉलच्या चार खिडक्यांचे पडदे, मुलांच्या नाटकाचे कपडे आणि क्राफ्टच्या वर्गाचं सामान, एवढं एकाच फेरीत आणायचंय. कुणाला आणखी काय हवं ते आज रात्रीपर्यंत इथे टाका. पडद्यांना साधारण २५ मीटर लागेल असं धरलंय.

ए-४०२: २५ कशावरून धरलेस गं? पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, किती?

बी-२०३: पन्हा अजून ठरलेला नाही काकू. रंग बघून दुकानातच ठरवू म्हटलं.

ए-४०२: मग मीटरही ठरलेले नाहीत. थांब, सगळा हिशेबच मांडते.

आपली खिडकी ६ फूट रुंद, म्हणजे ७२ इंच. पडद्याला नीट चुण्या पडायला रुंदीच्या दुप्पट कापड हवं, म्हणजे खिडकीमागे १४४ इंच. प्रत्येक खिडकीला दोन पडदे, तर एकेक पडदा ७२ इंचांचा. पन्हा ३६ इंच असेल तर त्याला दोन पट्टे जोडायचे, ४८ असेल तर दीड पट्टा. जोडशिवणीत इंचभर जाईल, चुण्यांत ते कळत नाही. एकूण आठ पडदे, तेव्हा ३६ पन्ह्यात १६ पट्टे आणि ४८ पन्ह्यात १२.

आता उंची. रॉडपासून खाली ८४ इंच. वरची पट्टी आणि खालची दुमड मिळून १२ इंच, झाले ९६. सुती कापड आटतं, त्याला शेकडा ५ तरी सोडायला हवेत. म्हणजे पट्टा १०१ इंचांचा, सरळ २.६ मीटर म्हणू. १६ पट्ट्यांना ४१.६ मीटर, १२ पट्ट्यांना ३१.२ मीटर. २५ मीटरमध्ये यातलं काहीच बसत नाही.

डी-३०१: बापरे. पण काकू, ३६ पन्ह्याचं मीटरमागे स्वस्त पडतं ना?

ए-४०२: पडतं, पण मीटर एक तृतीयांशाने जास्त लागतात. ते मीटरमागे पाव हिस्सा स्वस्त असेल तेव्हा कुठे दोन्हींचा खर्च सारखा होतो. फरक त्याहून कमी असेल तर रुंद पन्हाच घ्यायचा. दुकानात गेल्यावर भावाच्या आधी पन्हा विचारायचा तो याचसाठी. पन्ह्याशिवाय नुसत्या मीटरच्या भावाला काहीच अर्थ नाही.

सी-१०४: ए-४०२ वहिनींचं अगदी बरोबर आहे. माझी नोकरी कापडाच्या दुकानात झाली, म्हणून आणखी एक सांगतो. काही जुनी दुकानं अजून वारात बोलतात. वार म्हणजे ३६ इंच, मीटर ३९.३७ इंच. आपण ‘३१.२ द्या’ म्हटलं आणि त्यांनी वारात मोजलं, तर २.६७ मीटर कमी येईल, म्हणजे एक अख्खा पट्टा गेला. मापाचा आकडा सांगताना ‘मीटर’ हा शब्द तोंडाने म्हणा आणि पावतीवरही लिहून घ्या.

बी-२०३: हे माझ्या डोक्यातच नव्हतं काका. मोठ्या फुलांचं डिझाइन घ्यायचं चाललंय, त्याने फरक पडतो का?

ए-४०२: पडतो, आणि चांगलाच. छापील कापडात डिझाइन ठरावीक अंतराने परत येतं. समज ते अंतर २४ इंच आहे. शेजारशेजारच्या पट्ट्यांवर फूल फुलासमोर यायला हवं तर प्रत्येक पट्टा २४च्या पटीत कापावा लागतो. आपला १०१चा पट्टा मग १२० इंचांचा होतो. १२ पट्ट्यांना ३६.६ मीटर. वरचं कापड वाया जात नाही, त्यातून उशांचे अभ्रे निघतील, पण पैसे मात्र आधी मोजावे लागतात. माझं मत विचारशील तर हॉलसाठी साधं किंवा बारीक पोताचं कापड घ्या. मोठी फुलं एवढ्या भिंतीवर अंगावर येतात.

ए-१०१: काकू, आटण्यासाठी ५ टक्के सोडायचे हे कळलं. पण शिवून झाल्यावर पहिल्याच धुण्यात पडदे वर गेले तर काय?

ए-४०२: म्हणून आधी भिजवायचं आणि मग बेतायचं. एकदम ३१ मीटर कुणाच्याही मशीनमध्ये मावणार नाही. बाराही पट्टे २.६ मीटरचे कापून घ्या आणि सहा घरांत दोन-दोन वाटा. पुढे पडदे ज्या पाण्यात धुणार त्याच पाण्यात भिजवायचे, सगळ्यांनी सारखे. एका घरात गरम पाणी आणि दुसऱ्या घरात गार, असं झालं तर पट्टे कमीजास्त आटतील आणि जोडताना खालची कड जुळणार नाही. पिळायचे नाहीत, निथळून सावलीत वाळवायचे. किंचित दमट असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री.

डी-३०१: आमच्याकडे दोन द्या. एक विचारू का? काही कापडांच्या किनारीवर ‘सॅनफोराइज्ड’ छापलेलं असतं. ते काय असतं?

सी-१०४: ते गिरणीतच मुद्दाम आटवलेलं कापड. सॅनफर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन माणसाने ही पद्धत काढली, १९३०चं पेटंट आहे. विणताना आणि रंगवताना कापड लांबीला ओढलं जातं. तो ताण पाणी लागलं की सुटतो, म्हणून कापड धुतल्यावर आखूड होतं. क्लुएटच्या यंत्रात ओलसर कापड जाड रबरी पट्ट्यावरून जातं. पट्टा आधी ताणलेला असतो, तो आक्रसताना कापडालाही लांबीत दाबून घेतो. शिक्का खरा असेल तर पुढचं आटणं शेकडा १च्या आत राहतं. तरी पडद्याचं कापड मी एकदा भिजवूनच घेईन.

बी-२०३: एका दुकानात मागे ‘प्युअर कॉटन’ म्हणून दिलेलं कापड धुतल्यावर भलतंच निघालं होतं. ओळखायचं कसं?

ए-४०२: कात्रण मागून घ्यायचं. एवढं कापड घेणाऱ्याला बोटभर तुकडा देतात. घरी आणून आडवे-उभे दोन्ही धागे सोडवायचे, चिमट्यात धरायचे आणि सिंकवर काडी लावून बघायची. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळतं, आक्रसतं, टोकाला कडक गोळी राहते. रेशीम आणि लोकर जळालेल्या केसांसारखी वास मारतात, त्यांची गोळी बोटांनी चुरडते. मिश्र कापडात राखही होते आणि कडक कणही राहतात.

यात रेयॉन पकडलं जात नाही, कारण तेही सुतासारखंच जळतं. त्यासाठी धागा मध्यभागी ओला करून दोन्ही बाजूंनी ओढायचा. रेयॉन ओल्या जागी पटकन तुटतं. सुती धागा ओला झाला की उलट जास्त दम धरतो.

ए-१०१: नाटकाच्या कपड्यांचं सांगा ना काकू. राजाला मखमलीचा अंगरखा, चार झाडांना हिरवं काहीतरी, आणि परीला नेट. मुलं ७ ते १० वर्षांची आहेत.

ए-४०२: मखमलीवर तळहात फिरवून बघ. एका दिशेला गुळगुळीत लागते, उलट दिशेला केस उभे राहतात. अंगरख्याचे सगळे भाग एकाच दिशेने बेतले पाहिजेत, बाह्यासुद्धा. एक भाग उलटा गेला तर रंगमंचावरच्या प्रकाशात तो वेगळ्याच रंगाचा दिसेल, कापड एकाच ताग्यातलं असूनही. भाग उलटसुलट बसवून कापड वाचवता येत नाही, म्हणून साध्या कापडापेक्षा मखमल थोडी जास्तच घ्यायची. आणि आतून सुती अस्तर लाव. मखमल बहुतेक पॉलिएस्टरची मिळते, दिव्यांखाली पोरगं घामाने भिजून जाईल.

झाडांना न ताणणारं कडक कापड नको. होजिअरीसारखं ताणलं जाणारं घे, मुलांना धावायचंय. ते शिवायला मशीनला गोल टोकाची सुई लाव, नाहीतर टाके सुटतात आणि बारीक भोकं पडतात.

आणि परीसाठी नेट घेतेस तर एक गोष्ट कळकळीने सांगते. नाटकात परीच्या हातात दिवा आहे ना? तो बॅटरीचाच हवा. नेट विरळ असतं, भोवती हवा खेळते, ठिणगी लागली तर क्षणात पेटतं, आणि पॉलिएस्टर-नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. खरी ज्योत मंचावर नकोच.

ए-१०१: हो हो, दिवा बॅटरीचा करते. दिग्दर्शन करणाऱ्या दादांनाही सांगते.

सी-१०४: अंगरख्याला पुढून वेल्क्रो लावा. पडद्यामागच्या अंधारात मुलांना हुक सापडत नाहीत. वेल्क्रो शिवायचा घ्या, चिकटवायचा नको. चिकटपट्टीवाल्यावर मशीन चालवलं की सुईला गोंद लागतो आणि टाका चुकतो. खरखरीत बाजू अंगापासून बाहेर वळलेली राहील अशी लावा, मऊ बाजू आतल्या अंगाला.

बी-५०१: क्राफ्टच्या वर्गासाठी माझी यादी: थर्माकोल, फोम शीट, ग्लू गनच्या कांड्या, मणी, भरतकामाचे दोरे, क्रॉस स्टिचचं कापड. मुलं १५ आहेत.

डी-३०१: ताई, ग्लू गन कुठली आहे? कांड्या ७ आणि ११ मिलिमीटर अशा दोन जाडीच्या मिळतात. लहान गनमध्ये ११ची जात नाही.

बी-५०१: बघून सांगते. लहान आहे, म्हणजे ७चीच असणार.

डी-३०१: आणि थर्माकोलला गरम गोंद किंवा रबर सोल्युशन लावू नका, खड्डे पडतात. रबर सोल्युशनमधल्या द्रावकाने थर्माकोल चक्क विरघळतो. त्याला पांढरा पाण्याचा गोंद घ्या, वाळायला वेळ लागतो एवढंच.

ए-४०२: मणी घेताना नंबर उलटा चालतो हे लक्षात ठेव. ११ नंबरचा मणी सुमारे २ मिलिमीटरचा, ८ नंबरचा ३, आणि ६ नंबरचा ४. लहान मुलांच्या बोटांना ६ नंबरच बरा. ११ नंबरच्या भोकात साधी सुई जातही नाही.

क्रॉस स्टिचचं कापड १४ काउंटचं घे, म्हणजे इंचाला १४ चौकटी. ७० टाक्यांचं चित्र त्यावर ५ इंचांत बसतं. चारही बाजूंना दोन-दोन इंच सोडून तुकडा ९ इंचांचा. दोऱ्याची लडी साधारण ८ मीटरची असते आणि दोरा ६ पदरी. १४ काउंटवर दोनच पदर घ्यायचे, म्हणजे एका लडीतून २४ मीटर कामाचा दोरा निघतो. प्रत्येक मुलाला प्रत्येक रंगाची लडी लागत नाही, वाटून घ्या.

बी-५०१: हे फार बरं झालं. मी प्रत्येकी सहा लड्या धरल्या होत्या!

सी-३०२: मला शालीसाठी लोकर आणाल का? मरून रंगाचे सहा गोळे.

ए-४०२: कागदी पट्टीवर रंगाच्या नंबरशेजारी लॉटचा, म्हणजे एकत्र रंगवलेल्या खेपेचा, नंबर असतो. सहाही गोळे एकाच लॉटचे हवेत. रंगाचा नंबर तोच आणि लॉट वेगळा असला तर गोळे हातात सारखे दिसतात, विणल्यावर पट्टा उमटतो. एकाच लॉटचे सहा मिळाले नाहीत तर घेऊ नको म्हणून बी-२०३ला आत्ताच सांगून ठेव. आणि सातवा घ्यायचा का तेही ठरव, नंतर तो लॉट मिळेलच असं नाही.

सी-३०२: सात आणा. एका लॉटचे नसतील तर नकोत.

सी-१०४: आता फेरीचा क्रम. आधी कापड, मग अस्तर, मग दोरा-चेन-लेस. दोरा कापडावर ठेवून जुळवायचा असतो, आठवणीतल्या रंगावर नाही. रीळातल्या दोऱ्याचा रंग गडद दिसतो, म्हणून एक पदर उलगडून कापडावर आडवा टाकून बघा. दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवू नका. तागा दारापर्यंत नेऊन उजेडात बघू द्या म्हणा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

कापण्याआधी तागा पूर्ण उलगडून घ्या. तुटलेला धागा, तेलाचा डाग, रंगाचा पट्टा तेव्हाच दिसतो. कापलेलं कापड परत घेत नाहीत. दोष असलेल्या जागी किनारीवर बऱ्याचदा दोरा किंवा चिकटपट्टी लावलेली असते, ती खूण शोधा. सापडली तर तेवढं माप वर मागून घ्या.

डी-३०१: ३१ मीटर उचलून आणायला किती जड होईल काका?

सी-१०४: ४८ इंच म्हणजे १.२२ मीटर पन्हा. चौरस मीटरला २०० ग्रॅमचं कापड धरलं तर साडेसात किलोच्या वर. पैसे देऊन गठ्ठा दुकानातच ठेवायला सांगा आणि परतताना उचला. त्याचं एक कात्रण तेवढं बरोबर असू द्या, दोरा जुळवायला.

डी-३०१: मी येतो गाडी घेऊन. बाजाराच्या तोंडाशी थांबेन, फोन करा.

बी-२०३: मग असं ठरलं: दुकानं उघडायच्या वेळेला पोचायचं. ए-४०२ काकू आणि सी-१०४ काका पडद्यांचं बघतील, ए-१०१ आणि मी नाटकाचे कपडे, बी-५०१ क्राफ्ट आणि लोकर. पट्टे भिजवायला डी-३०१ झाले, आणखी पाच घरं हवीत.

ए-१०१: आमचं धरा.

सी-३०२: आमचंही.

बी-५०१: मीही घेते.

ए-४०२: माझं आहेच. एक घर राहिलं. आणि बी-२०३, ७२ आणि ८४ हे आकडे मी जुन्या पडद्यांवरून सांगितलेत. जायच्या आधी चारही खिडक्या वेगवेगळ्या मोजायला हव्यात. रुंदी खिडकीची नाही, रॉडची घ्यायची. आणि उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे अशी तीनदा. शिंप्याची कापडी टेप नको, जुनी झाली की ताणते.

सी-१०४: माझ्याकडे लोखंडी टेप आहे. सहावं घर आमचं लिहा.

बी-२०३: हॉलची किल्ली वॉचमनदादांकडून घेते. काका, आठ वाजता खाली याल?

सी-१०४: येतो. स्टूल मात्र कुणीतरी आणा.