आईच्या गुडघ्यांसाठी कोणती पालेभाजी? (पुणे, महिना ३०० रु.)

पुणेरी_लेक: आई ७१ वर्षांची. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे, ऑपरेशन नको म्हणते. शेवगा, कपाळफोडी अशी नावं ऐकते आहे. रोजच्या जेवणात काय देऊ? ३०० च्या आत बसवायचंय, पावडर-कॅप्सूल नको. हृदयाची झडप बदललेली असल्याने वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे.

मालवणी_माणूस: शेवग्याचा पाला! आमच्याकडे गोकुळाष्टमीला ही भाजी हवीच, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासोबत. आजी अजून माडीचा जिना चढते.

चेन्नईकर: कपाळफोडी म्हणजे इथली मुडकत्तान कीरै. पानं तांदळाबरोबर वाटून डोसे घालतात, सांधेदुखीवर घरोघरी हेच. कडसर लागतात. मी तयार पीठच मागवते, ४५० चा पुडा, पैसे वसूल.

मालवणी_माणूस: ४५०? शेवगा परसात फुकट मिळतो.

कोथरूडची_काकू: पुण्यात परस कुठून आणायचं? भाजीपेक्षा निर्गुडीचा पाला पाण्यात उकळा, फडकं भिजवून पिळून शेका. रुईचं पान नको, सासूबाईंना चिकाने फोड आले होते.

लातूरकर७: रुईला नावं ठेवू नका. तेल लावून तव्यावर गरम करून बांधायचं, आमच्याकडे सगळेच बांधतात.

हिरवा_देठ: शेवग्याला +१. पालक मात्र बंद करा, युरिक ॲसिड वाढतं.

औषधवाला: युरिक ॲसिडचा प्रश्न गाउटमध्ये (ते सांध्यात साचून होणारा आजार), इथे झीज आहे. गाउटमध्येही धोका वाढतो तो मांस, मासळी आणि बिअरने. भाज्यांचं तसं दिसलेलं नाही.

पण वॉरफरिन कुणी वाचलं का? हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर, ते या गोळीचा परिणाम कमी करतं. एकदम रोज शेवगा सुरू केला तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा) खाली येऊन झडपेवर गुठळी होऊ शकते. पालेभाजी बंद करू नका, दर आठवड्याला साधारण सारखीच ठेवा. नवी सुरू करायची तर आधी डॉक्टरांना विचारा. माझ्या वडिलांनाही हीच गोळी आहे, म्हणून कळकळीने सांगतोय.

मालवणी_माणूस: आमची आजी गोळ्याच घेत नाही. शेवगाच द्या.

पुणेरी_लेक: सर्वांचे आभार. शेवगा, कपाळफोडी दोन्ही नको. आई आवडीने खाते ती मेथी आणि चाकवत, नेहमीइतकीच. पुढच्या आयएनआरच्या वेळी डॉक्टरांशी बोलेन. शेक मात्र करून बघते. काकू, पाला किती वेळ उकळायचा?

कोथरूडची_काकू: पाण्याला रंग येईपर्यंत. फडकं आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघ, म्हाताऱ्या माणसांची कातडी पटकन भाजते.