एंडोस्कोपीत ड्यूटी लागल्यापासून खोकला, सुट्टीत गायब. कुणाला असं झालंय का?

सिस्टर_नाशिक
मी प्रायव्हेट हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, ११ वर्षं झाली. मागच्या वर्षी एंडोस्कोपी रूमला लावलं. स्कोप (पोटात घालायची दुर्बीण) धुवून २% ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवायचे, ट्रे उघडाच, रूम एवढीशी आणि एसीसाठी खिडकी कायमची बंद. आधी नुसते डोळे चुरचुरायचे, मग नाक गळायला लागलं, आता दुपारनंतर खोकला सुरू होतो आणि रात्री छातीत शिट्टी वाजते. गणपतीत सात दिवस गावी होते तर औषध न घेता सगळं थांबलं, रुजू झाले त्याच संध्याकाळी परत सुरू. आणि आता तर फिनेल, रूम फ्रेशनर, नातेवाइकांनी मारून आलेला डिओ, कशानेही घसा आवळतो, पूर्वी असलं काही नव्हतं मला. मेट्रन मॅडम म्हणतात एसीची ॲलर्जी असेल, मास्क लाव. दोन लावते तरी तेच. मी नाटक करत नाहीये हो. घरात मी एकटी कमावती, नोकरी सोडता येणार नाही.

छातीचा_डॉक्टर
सिस्टर, गावी थांबला आणि रुजू होताच परत आला, हे तुम्ही लिहिलंत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. ग्लुटाराल्डिहाइडने दमा होतो हे कित्येक वर्षांपासून माहीत आहे, एंडोस्कोपीच्या नर्सेसमध्येच तो जास्त दिसलाय. सर्जिकल मास्क किंवा एन ९५ कण अडवतात, वाफ नाही, म्हणून दोन काय चार लावले तरी फरक पडणार नाही.
पीक फ्लो मीटर (फुंकेचा जोर मोजायचं छोटं यंत्र) आणा. दिवसातून चार वेळा, दर वेळी तीनदा फुंकून सगळ्यात जास्त आकडा वहीत, शेजारी ड्यूटी की सुट्टी तेही. चार आठवडे तरी करा, मधे सुट्टीचे दिवस यायला हवेत. सुट्टीच्या दिवशी केलेली स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) नॉर्मल येऊ शकते, तेवढ्यावर कुणी काही नाही म्हटलं तर ऐकू नका. फिनेल-डिओचा त्रास बहुतेक श्वासनलिका आधीच सुजलेल्या असल्यामुळे. पण ग्लुटाची ॲलर्जी एकदा बसली की अगदी थोड्या वाफेनेही उठते, आणि जितक्या लवकर तिथून बाहेर पडाल तितकी बरं होण्याची शक्यता जास्त. इनहेलर घेत तिथेच काम करत राहणं हा उपाय नव्हे. बोलताना वाक्य पुरं होईना असा दम लागला तर सरळ कॅज्युअल्टी गाठा.

ओटी_टेक्निशियन_पुणे
ताई, तुम्ही नाटक करत नाही, आमच्याकडच्या दोघींना हेच झालेलं. आम्ही भांडून झाकणाचा ट्रे आणि एक्झॉस्ट घेतला, फॅन ट्रेच्या जवळ बसवून घ्या, डोक्यावर असला की वाफ तुमच्या नाकावरून वर जाते. ग्लोव्हज नायट्राइलचे. ग्लुटाऐवजी वापरतात ते ओपीए म्हणजे ०.५५% वालं जंतुनाशक सोल्युशन वासाला सौम्य असतं पण ॲलर्जी त्यानेही होते, आणि मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशंटना परत परत सिस्टोस्कोपी (मूत्राशयाची दुर्बिणीने तपासणी) करावी लागते त्यांचे स्कोप त्यात घालत नाहीत, ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी ॲलर्जी) झालेत.
अजून एक, सफाईच्या मावशींना कुणीच काही सांगत नाही. आमच्याकडे एकींनी संडासात हायपो (ब्लीचचं पाणी) ओतून त्यावर ॲसिड टाकलं, क्लोरीन सुटला, तीन दिवस ॲडमिट होत्या. त्यांना बाटलीवरचं इंग्रजी वाचता येत नाही, आपणच सांगायला हवं ना.

फिजिओ_हॅलिफॅक्स
इथे कॅनडात नोव्हा स्कॉशियात हॉस्पिटलच्या दारातच पाटी असते, सेंट लावून येऊ नका, स्टाफ, पेशंट, भेटायला येणारे सगळ्यांनाच. सुरुवातीला मला विचित्र वाटलं होतं, आता माझ्या दम्याच्या पेशंटना बघून पटतं. निदान वॉर्डातले रूम फ्रेशनर बंद करा एवढं तरी मागून बघा, त्याला खर्च शून्य.

सिस्टर_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना रडू आलं. मीटर आजच आणलं, पहिला आकडा ३१०. वही भरली की छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन बदलीचा लेखी अर्ज देते, ओपीडी मिळाली तरी चालेल. पण माझ्या जागी जी नवीन मुलगी येईल तिला तोच उघडा ट्रे मिळायला नको, म्हणून झाकण आणि एक्झॉस्टचं त्याच अर्जात लिहितेय. आमच्या मावशींना हायपो-ॲसिडचं उद्या सकाळीच सांगते.